किंमत जुन्या मोटारीची

५ मे २०२२ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे, मर्सिडीझ-बेन्झ कंपनीच्या संग्रहालयात, मोजक्या निमंत्रितांसमोर एका मोटारीचा लिलाव झाला. रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बनावटीच्या अवघ्या दोन मोटारी १९५५ साली तयार झाल्या होत्या आणि दोन्ही तोवर कंपनीच्याच ताब्यात होत्या. त्यांपैकी एक साडेतेरा कोटी युरोंना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे अकराशे कोटी रुपयांना विकली गेली. एका मोटारीला इतकी किंमत याआधी जाहीर लिलावात कधीच आली नव्हती. आलेला पैसा तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ठेवण्यात आला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. वर्तमानपत्रांनी आकडा छापला, वाचकांनी तोंडात बोट घातले आणि श्रीमंतांचे चोचले म्हणून विषय संपविला.

हा विषय इतक्या सहज संपविण्याजोगा नाही. जिल्ह्याच्या गावी एखाद्या वाड्याच्या बखळीत ताडपत्रीखाली उभी असलेली वडिलांची फियाट, ही काही अब्जाधीशाची मालमत्ता नव्हे. पण वडिलांच्या पश्चात तिचे काय करावयाचे, हा प्रश्न घरातल्या शिक्षक मुलाला किंवा बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीला पडतोच. भंगारवाला वजनाचा भाव सांगतो. शेजारी म्हणतो, ‘थांबा, अशा गाड्यांना पुढे लाखो रुपये येतात.’ दोघांपैकी कोणाचे खरे मानावे, हे सांगणारे विश्वासार्ह ठिकाण आपल्याकडे जवळपास नाही. स्टुटगार्टचा आकडा आणि बखळीतली फियाट यांच्यामध्ये अंतर फार मोठे असले, तरी दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे. जुन्या मोटारीची किंमत ठरते कशी?

कोष्टक जेथे संपते

नव्या मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न सोपा असतो. कारखान्याचा खर्च, कर, विक्रेत्याचा नफा यांची बेरीज म्हणजे किंमत. पुढे वापराबरोबर ती घटत जाते आणि ही घटही हिशेबी असते. आपल्याकडील मोटार विम्याच्या रूढ कोष्टकात पहिल्या सहा महिन्यांसाठी ५ टक्के घसारा धरतात आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्म्यावर आणतात. पाच वर्षांपुढे मात्र ते कोष्टक संपते. त्यापुढची किंमत विमा कंपनीने आणि विमेदाराने आपसांत ठरवावी, असा संकेत आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की, गाडी जुनी होत जाते तशी तिची किंमत शून्याकडे सरकते आणि एके दिवशी केवळ लोखंडाचा भाव उरतो.

जगातील आजच्या अतिमौल्यवान मोटारीदेखील एकेकाळी या तळाशी जाऊन आलेल्या आहेत, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. राजेमहाराजांसाठी म्हणून १९३० च्या आगेमागे बांधलेल्या बुगाटी रोयाल मोटारीचेच उदाहरण घ्यावे. सुमारे पावणेतेरा लिटरच्या इंजिनाची ही अवाढव्य गाडी पंचवीसच्या संख्येत काढण्याचा बेत होता. आर्थिक मंदीत तो फसला. अवघ्या सहा गाड्या झाल्या, त्यांपैकी तीनच विकल्या गेल्या आणि उरलेली इंजिने फ्रेंच रेल्वेच्या मोटारडब्यांना जोडावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० साली, बुगाटी कुटुंबाकडील दोन रोयाल मोटारी अमेरिकेतील ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी विकत घेतल्या. त्यांचे मोल म्हणून त्यांनी काही थोडी रोख रक्कम दिली आणि सोबत दोन नवे रेफ्रिजरेटर दिले! युद्धाने पोळलेल्या फ्रान्समध्ये तेव्हा राजेशाही मोटारीपेक्षा रेफ्रिजरेटर अधिक दुर्मिळ होता. त्या दोहोंतील एक मोटार १९८७ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये ५५ लाख पौंडांना विकली गेली.

फेरारी २५० जीटीओची कथा याहून बोलकी आहे. १९६२ ते १९६४ या काळात या शर्यतीच्या मोटारी ३६ झाल्या. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती. शर्यतीची मोटार दोन हंगामांत शिळी होते. त्या न्यायाने यांतील एक गाडी मालकाने टेक्सासमधील व्हिक्टोरिया येथील शाळेला, मोटारदुरुस्तीचा वर्ग चालविण्यासाठी देऊन टाकली. तिच्यावर विद्यार्थी हात बसवू लागले. शाळेने १९७२ साली ती साडेसहा हजार डॉलरला विकली आणि नव्या मालकाकडे ती दीड दशकाच्या आसपास उघड्या माळावर ऊनपाऊस खात उभी राहिली. याच मालिकेतील दुसऱ्या एका मोटारीला २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर आले.

शाळेतील त्या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या दृष्टीने ती एक जुनी, महागड्या सुट्या भागांची, रस्त्यावर गैरसोयीची गाडी होती आणि त्या काळच्या बाजाराचेही तेच मत होते. मोटार नवी असताना तिला उपयोगाची किंमत असते. फार जुनी झाली म्हणजे तिला स्मृतीची किंमत येते. या दोहोंच्या मध्ये एक दरी आहे. त्या दरीत उपयोग संपलेला असतो आणि स्मृती अजून जागी झालेली नसते. बहुतेक गाड्या या दरीतच नाहीशा होतात. ज्या पार होतात त्या किमतीमुळे पार होत नाहीत. कोणाच्या प्रेमामुळे, हट्टामुळे आणि पुष्कळदा निव्वळ आळसामुळे त्या वाचतात. किंमत मागाहून येते आणि वाचलेल्यांच्या गळ्यात माळ घालते.

भाव चढतो, भाव कोसळतो

ही माळही कायम टिकत नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात जगभरचे शेअरबाजार कोसळले, तेव्हा हातात धरता येईल अशा वस्तूंकडे पैसा वळला. पुढच्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९८८ रोजी, एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि त्यांच्या हयातीत निर्माण झालेल्या गाड्यांना अचानक झळाळी आली. जपानमध्ये जमिनीच्या व शेअरांच्या भावांना तेव्हा आभाळ ठेंगणे झाले होते. तेथील पैसा चित्रांमध्ये आणि मोटारींमध्येही ओतला जाऊ लागला. लंडनमध्ये विकली गेलेली ती बुगाटी १९९० साली एका जपानी कंपनीकडे गेली. जीटीओची किंमत एक कोटी डॉलरच्या पुढे सरकली. ज्यांनी कधी इंजिनाचे झाकण उघडून पाहिले नव्हते, तेही कर्ज काढून जुन्या फेरारी घेऊ लागले.

मग जपानचा फुगा फुटला, व्याजदर चढले, कर्जे परत मागितली जाऊ लागली आणि दोन-तीन वर्षांत त्याच जीटीओची किंमत निम्म्याच्याही बरीच खाली आली. गाडी तीच होती. इंजिन तेच, पत्रा तोच, इतिहासही तोच होता. बदलली होती ती घेणाऱ्याची मनःस्थिती आणि त्याच्या बँकेची मनःस्थिती. सोन्याच्या बाजारात वितळवून तरी काही हाती लागते. जुनी मोटार वितळविली तर भंगारच हाती येते. म्हणून तिच्या किमतीचा डोलारा सर्वस्वी दुसऱ्या कोणाला ती हवी असण्यावर उभा असतो.

लिलावाची रचनाही हेच सांगते. लिलावात किंमत ठरवितो तो जिंकणारा नव्हे, हरणारा. दहा लाखांपर्यंत जावयास तयार असलेल्या माणसासमोर जर कोणी चार लाखांवरच थांबले, तर गाडी चार लाखांच्या थोडी वर जाते. तेवढ्याच हौसेचा दुसरा माणूस सभागृहात असेल, तरच आकडा फुगतो. त्या आकड्यात लिलावगृहाने खरेदीदाराकडून घ्यावयाचे कमिशनही पुष्कळदा मिळविलेले असते. मालकाने ठरविलेल्या किमान किमतीपर्यंत बोली न पोहोचल्यामुळे परत गेलेल्या गाड्यांची बातमी मात्र मोठ्या अक्षरांत छापली जात नाही. वाचकाच्या नजरेस येतात ते केवळ शिखरांचे आकडे. त्यांवरून आपल्या गाडीची किंमत काढणे म्हणजे लॉटरी लागलेल्याचे उत्पन्न पाहून संसाराचे अंदाजपत्रक मांडण्यासारखे आहे.

अंदाजाचे शास्त्र

मग अंदाज करावयाचाच नाही काय? तसेही नाही. जाणकार मूल्यमापक तीन गोष्टी पाहतो. पहिली गाडीची अवस्था. अमेरिकेत हॅगर्टी या विमा कंपनीची जी किंमतपुस्तिका प्रमाण मानली जाते, तीत एकाच मोटारीच्या अवस्थेप्रमाणे चार श्रेणी केलेल्या असतात. पहिली प्रदर्शनात बक्षीस मिळविण्याजोगी, चौथी कशीबशी चालणारी. पहिल्या आणि चौथ्या श्रेणीच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर पडू शकते. आपली गाडी दुसऱ्या श्रेणीची आहे असे बहुतेक मालकांना वाटते आणि ती तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीची निघते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरी गोष्ट अस्सलपणा. चासीवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतात की नाही, मूळ रंग, मूळ बैठका, मूळ काचा किती शिल्लक आहेत, यावर किंमत फार बदलते. फ्रान्समध्ये एका वाहतूक व्यावसायिकाने गोळा करून शेडमध्ये टाकून दिलेल्या साठाच्या आसपास मोटारी त्याच्या वारसांनी २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या लिलावात काढल्या. अंगावरची धूळही न पुसता त्या मांडल्या होत्या. त्यांतील एक फेरारी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली सापडली. तिला एक कोटी ६० लाख युरोंहून अधिक किंमत आली. एखाद्या अतिउत्साही वारसाने ती आधीच गॅरेजात नेऊन डेंटिंग-पेंटिंग करून, नव्या कापडाने मढवून चकचकीत केली असती, तर ती इतकी किंमत आणती ना. रंग पुन्हा देता येतो; मूळचा रंग मात्र एकदाच लागतो.

तिसरी गोष्ट इतिहास, आणि तोही कागदोपत्री. पॅरिसच्या त्या फेरारीची किंमत वाढण्याचे एक कारण असे की, ती एकेकाळी अलँ दलाँ या नटाच्या मालकीची होती. स्टीव्ह मॅक्क्वीनने ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात चालविलेली हिरवी मस्टँग १९७४ साली न्यू जर्सीतील एका कुटुंबाने सहा हजार डॉलरला घेतली. घरातील गृहिणी शिक्षिका होती आणि त्या मोटारीने ती शाळेत ये-जा करीत असे. १९७७ साली मॅक्क्वीनने स्वतः पत्र पाठवून गाडी परत मागितली. कुटुंबाने ती दिली नाही. पण पत्र मात्र जपून ठेवले. २०२० च्या जानेवारीत ती ३४ लाख डॉलरच्या बोलीवर विकली गेली. गाडीबरोबर ते पत्रही जपले नसते, तर ‘हीच ती’ हे सिद्ध करणे कितीतरी कठीण गेले असते. बनावट क्रमांक कोरून दोन गाड्यांची एक आणि एका गाडीच्या दोन करण्याची कला या धंद्यात जुनी आहे. त्यामुळे पावत्या, पत्रे, छायाचित्रे हीच शेवटी साक्ष देतात.

या तिहींच्या पलीकडे चौथी गोष्ट आहे, ती मूल्यमापकाच्या हाती नाही. माणूस पन्नाशीला आला, हाती थोडा पैसा खुळखुळू लागला की, त्याला पंधराव्या वर्षी भिंतीवर चिकटविलेली मोटार हवीशी वाटते. फोर्डच्या ‘टी’ मोटारी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघाल्या. त्यांची आठवण असणारी पिढी आता उरली नाही आणि त्यांचा बाजारही थंडावला. उलट, ‘फास्ट अँड फ्युरियस’ या चित्रपटात दिसलेली १९९४ ची टोयोटा सुप्रा २०२१ साली साडेपाच लाख डॉलरला गेली. बाजारात मोटारी विकल्या जातात हे खरे. पण भाव लागतो तो कोणा एका पिढीच्या तारुण्याला. ती पिढी सरली म्हणजे भावही उतरतो. मोटारीला कायमची गुंतवणूक समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. त्यातच जागेचे भाडे, विमा, देखभाल, न मिळणारे सुटे भाग यांचा वर्षानुवर्षांचा खर्च कागदावर मांडला, तर पुष्कळदा पोस्टातील ठेव सरस ठरते.

आपल्याकडची दरी

भारतात या व्यवहाराचा इतिहास निराळा आहे. संस्थानिकांनी परदेशांतून खास बनवून घेतलेल्या मोटारी हा त्याचा पहिला अध्याय. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून घडवून घेतलेली बॉडी आजही जाणकारांच्या चर्चेत असते. संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखेही गेले आणि कित्येक अजोड मोटारी कवडीमोलाने देशाबाहेर गेल्या. पुढे सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले, ते बैल गेल्यावर झोपा करण्यासारखे असले तरी आवश्यकच होते.

दुसरा अध्याय मध्यमवर्गाचा. परवान्यांच्या काळात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. त्यामुळे नुकतीच ताब्यात आलेली गाडी छापील किमतीहून अधिक भावाने विकली जाई. टंचाई ही किंमत कशी फुगविते, याचा धडा त्या पिढीने अर्थशास्त्राच्या पुस्तकाविना शिकला. पुढे टंचाई सरली आणि त्याच गाड्यांना कोणी विचारीना. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीतील एका नोकरदाराला देण्यात आली. त्या ग्राहकाने ती अखेरपर्यंत सांभाळली. पतिपत्नींच्या निधनानंतर मात्र देशाच्या मोटार उद्योगाचा हा पहिला पुरावा घरासमोर गंजत पडला. कंपनीने पुढे तिचा जीर्णोद्धार केला म्हणून ती आज पाहावयास मिळते. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी इतकी सुदैवी ठरेल काय? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या या गाड्यांनी अर्धी मुंबई वाहिली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्यांतील शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. एक तरी जतन करा, अशी मागणी लोकांनी केली, तीही अगदी शेवटच्या घटकेला.

कायद्याने या दरीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसंबंधी दोन दिशांनी पावले टाकली. एकीकडे वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले. त्यात मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूममधील किमतीच्या ४ ते ६ टक्के असावी, असे सुचविण्यात आले. दुसरीकडे, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या वाहनांसाठी २० हजार रुपये शुल्काची वेगळी नोंदणी व ‘व्हीए’ अक्षरांची पाटी आली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी रास्त आहेत. परंतु वीस आणि पन्नास या वर्षांच्या मधल्या गाडीचे काय? वीस वर्षांपुढील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क २०२५ साली दहा हजार रुपये करण्यात आले. ज्या काळात गाडीला बाजारात किंमत नसते, नेमक्या त्याच काळात तिच्यावरील बोजा वाढतो. पन्नाशीनंतर मानाची पाटी देऊ म्हणणाऱ्याने, ती पन्नाशी गाठील कशी, याचाही विचार करावयास हवा.

धुराचा प्रश्न खोटा नाही. शहरांतील हवा आधीच गुदमरविणारी आहे आणि रोज धावणाऱ्या जुनाट गाड्या हटविल्याच पाहिजेत. पण रोज धावणे वेगळे आणि वर्षातून काही शे किलोमीटर हिंडणे वेगळे. जर्मनीत तीस वर्षांची, मूळ स्वरूपात जपलेली मोटार तज्ज्ञाच्या दाखल्यानंतर ऐतिहासिक म्हणून नोंदविता येते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर वाहनकर माफ होतो. आपल्याकडेही तिसाव्या वर्षापासून, तपासणीच्या आणि मर्यादित वापराच्या अटीवर, सवलतीची नोंदणी देता येईल. लिलावांचे आणि प्रत्यक्ष व्यवहारांचे भाव, विकल्या न गेलेल्या गाड्यांसह, उघड नोंदविण्याची प्रथा मोटारप्रेमींच्या संस्थांनी पाडली, तर भंगारवाला आणि शेजारी या दोघांच्याही तावडीतून वारस सुटेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून अशा गाड्यांच्या जीर्णोद्धाराचे वर्ग निघाले, तर मुलांच्या हाताला दुर्मिळ कसब येईल. मात्र टेक्सासच्या शाळेपेक्षा थोडी अधिक चौकसबुद्धी ठेवावी लागेल!

हे होईल तेव्हा होवो. तोवर बखळीतील फियाटच्या वारसाने एवढे करावे. आर.सी. बुक, विम्याचे कागद, गॅरेजच्या पावत्या आणि गाडीसोबतची जुनी छायाचित्रे एकत्र ठेवावीत. घाईने रंग देऊ नये. क्रमांक टिपून घ्यावेत. विकावयाची झाल्यास तीन जाणकारांना दाखवावी आणि मोठ्या आकड्याच्या आशेवर घरखर्चाची गणिते मांडू नयेत. त्या गाडीला उद्या मोठी किंमत येईलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहावे. जपलेल्या वस्तूला कधी कधी किंमत येते. किमतीसाठी म्हणून जपलेली वस्तू भाव पडताच टाकून दिली जाते. म्हणून ठेवावयाची असेल तर ती वडिलांची म्हणून ठेवावी. त्या निर्णयाला बाजाराची संमती लागत नाही.